छत्रीसाहेबांचं कच्चं माप

छत्रीसाहेबांच्या छत्रीला कापड नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण बोरीत नवा आलेला माणूस त्यांना पाहून आधी हसायचा आणि मग जरा बिचकायचा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट आणि काखेत काळ्या काड्यांचा नुसता सांगाडा. पाऊस आला तरी सांगाडा तसाच काखेत धरून चालायचे आणि चिंब भिजायचे. कोणी म्हणालं, "साहेब, भिजायलाव की," तर भर पावसात थांबून शांतपणे समजावून सांगायचे, "ही छत्री पावसासाठी नाही. ही भोकासाठी आहे."

आता यावर माणसानं काय बोलावं? मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा लिंबाजीच्या हॉटेलात बसलो होतो. हातातली बशी तोंडापर्यंत गेलीच नाही.

मी मारोतराव, आडव्या बोअरचा ठेकेदार. विहीर खोदून पाणी कमी लागलं की मशीन घेऊन तळाशी उतरायचं आणि कडेच्या दगडात आडवं भोक मारत जायचं, पाण्याची भेग सापडेपर्यंत. हा माझा धंदा. जन्म राणीसावरगावचा. लहानपणी बैलबाजारात दलालाच्या मागं फिरलो, मग विहिरींवर दगड फोडले, मग दुसऱ्याच्या मशीनवर राबलो, मग स्वतःचं मशीन घेऊन बोरीत घर केलं. सौदा कसा तोडायचा हे मला कोणी शिकवायला नको. मला आजवर कोणी फसवलेलं नाही, एक माणूस सोडून. आणि त्यानं फसवून माझ्याकडून काही घेतलं असतं तर मी एवढा बेजार झालो नसतो. त्यानं काहीच घेतलं नाही. हाच माझा राग आहे.

साहेबांचं खरं नाव अनंतराव. उभी नोकरी तेलाच्या कंपनीत गेली, जमिनीतून तेल काढणाऱ्या. कधी आसाम, कधी गुजरात. वडिलांची बोरीला थोडी जमीन होती, तिच्या कडेला दोन खोल्या बांधून निवृत्तीनंतर येऊन राहिले. बायको नोकरीच्या गावीच वारली होती. मुलगा परदेशात. मी घरी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायचो, "काय मजेत माणूस हाय. पेन्शन येती, डोक्याला कटकट न्हाई."

सुमन म्हणायची, "व्हय, लय मजेत हाय. सांजच्याला कुत्र्याला पेपर वाचून दाखवतो."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. एकदा जाता जाता स्वतः ऐकलं. साहेब ओट्यावर बसून पेपर वाचत होते आणि मधूनच समोरच्या कुत्र्याला म्हणत होते, "हे तुला पटत नाही, मला माहीत आहे. पण पुढं ऐक." कुत्रंही ऐकत होतं. मी तिथं न थांबता निघालो. काही गोष्टी पाहिल्यावर थांबणं बरं नसतं.

ते तेलाच्या कंपनीत नेमकं काय करायचे, हे त्यांनी एकदा हॉटेलात सगळ्यांना समजावून सांगितलं. त्यासाठी लिंबाजीच्या बरणीतला पाव विकत घेतला, त्यात बोट घालून गोल भोक पाडलं आणि दोन्ही हातांनी पाव दोन बाजूंनी दाबला.

"काय झालं?"

"पाव खराब झाला," लिंबाजी म्हणाला.

"भोक बघा. दाबतोय मी इकडून, आणि भोक रुंद झालं तिकडून. जमिनीत हेच होतं. मैल-दोन मैल खोल भोक पाडायचं. खडक चारी बाजूंनी दाबत असतो, पण सगळीकडून सारखा नाही. एका अंगानं जास्त. मग भोकाच्या भिंतीच्या ढलप्या पडतात, पण जिकडून दाब आहे तिकडं नाही. दुसऱ्या अंगाला. आम्ही आत एक नळी सोडायचो, ती भिंतीवर आवाज सोडायची, आवाज परत यायचा आणि वर कागदावर भिंतीचं चित्र उमटायचं. चित्रात समोरासमोर दोन काळे पट्टे दिसले की ढलप्या तिथं. त्यावरून दाबाची दिशा. पट्टा किती रुंद, त्यावरून दाब किती, हा अंदाज."

"आन् अंदाज चुकला तर?" मी विचारलं.

"भोक मिटतं. आतलं लोखंड आत. कधी वरची माणसंही." असं म्हणून त्यांनी तो पाव खाल्ला.

आम्ही साधी माणसं, आम्हाला वाटायचं दगड म्हणजे पडून असलेली वस्तू. तो आत एकमेकाला चेपत बसलेला असतो, हे त्या दिवशी कळलं. घरी येऊन अंगणातल्या दगडावर बसताना मला कसंसंच झालं.

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेब हे शास्त्र माणसांनाही लावायचे. मास्तर पोरांना झोडपतात? "दाब हेडमास्तरचा आहे. ढलपी पोरांवर पडते." शिंपी गिऱ्हाइकावर खेकसला? "दाब सासऱ्याचा." कुठं भांडण दिसलं की थांबायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, "दाब कुठून आहे?" भांडणारे इतके चकित व्हायचे की भांडणच विसरायचे.

एकदा मी घरात सुमनवर ओरडत होतो. भाजीत मीठ जास्त पडलं होतं एवढंच. दारातून आवाज आला, "ठेकेदार, दाब जिंतूरच्या मशीनचा आहे. ढलपी इथं पडली." एवढं बोलून साहेब पुढं निघूनही गेले.

मी ताटावर गार झालो. जिंतूरच्या एका माणसानं नवं मशीन आणलं होतं, मोठ्या कंप्रेसरचं, आणि त्याच सकाळी माझं एक गिऱ्हाईक त्यानं पळवलं होतं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे सुमननं ते वाक्य उचललं. तेव्हापासून मी आवाज चढवला की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "आज दाब कोणाचा हाय?" माणसानं स्वतःच्या घरात मोकळेपणानं रागवायचं तरी कुठं?

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा गाजत होतं. हॉटेलात त्याच्याशिवाय विषय नव्हता. एका बाकावर चार पोरं तावातावानं बोलत होती, दुसऱ्या बाकावर बौद्धवाड्यातले कांबळे गुरुजी खाली मान घालून चहा पीत होते. पोरं त्यांना ऐकू जाईल असंच बोलत होती. साहेब उठले. ते काय विचारणार हे मला माहीत होतं.

"दाब कुठून आहे?"

"ओ साहेब, ह्यात तुमचा दाब आणू नका," एक पोरगा म्हणाला.

"आणायला कशाला हवा? आहेच. नावाच्या जागी नुसत्या ढलप्या पडताहेत. दाब फार जुना आहे, आणि कोण कोणाला दाबत आलंय हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

भर हॉटेलात असं कोणी बोलत नसे, निदान आमच्या बाजूचं कोणी नाही. मी मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. गुरुजी उठले, जाताना लिंबाजीला म्हणाले, "साहेबांचा चहा माझ्याकडं." आणि साहेब त्यांना म्हणाले, "गुरुजी, मग मी अजून एक घेतो." इतक्या मोठ्या गोष्टीनंतर हा माणूस दुसरा चहा मागतो, याचंच मला जास्त नवल वाटलं.

आता माझं दुखणं सांगतो. एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवर माझं काम चालू होतं. साहेब काठावर आले, वाकून पाहिलं आणि मालकाला म्हणाले, "ठेकेदार भोक तिथं मारताहेत जिथं मशीन सरळ उभं राहतं. पाणी कुठं आहे याचा त्यात काही संबंध नाही."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं. मशीन खरंच सपाट जागी उभं होतं. काम हातचं गेलं, आणि ते वाक्य आठवड्याच्या बाजारात माझ्या आधी पोचलं. त्या दिवसापासून मी साहेबांशी बोलणं सोडलं. ते रोज भेटायचे, "नमस्कार ठेकेदार" म्हणायचे, आणि मी थुंकायचो. लांब, दुसऱ्या बाजूला. पण थुंकायचो.

मग माझी स्वतःची विहीर आली.

ओढ्याच्या बाजूला थोडी जमीन घेतली होती. विहीर खोदली. गावानं पाहिलं. पाणी लागलं ते बैलाला पाजण्याइतकं. मी ओढ्याच्या दिशेला आडवं बोअर मारलं, कोरडं. त्याच्या शेजारी दुसरं मारलं, त्यातून धूळ आली. मग तळात एक उभं बोअर मारलं, तेही तसंच. दुसऱ्यांना पाणी काढून देणाऱ्याची विहीर कोरडी, ही बातमी किती लवकर पसरते हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. जिंतूरवाला लिंबाजीच्या हॉटेलात येऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मारोतराव, बोलवा आमाला. तुमच्यासाठी भाव कमी करू." उन्हाळा तोंडावर होता. उन्हाळ्यातच आमची कामं निघतात. उन्हाळा उतरायच्या आत माझ्या विहिरीत पाणी दिसलं नाही तर पुढं मला कोणी दारात उभं करणार नव्हतं. मशीन विकून पुन्हा दुसऱ्याकडं दगड फोडायचे, एवढंच उरलं असतं. आता तिसरं आडवं बोअर मारायचं तर ते लागलंच पाहिजे होतं. विहिरीची चाळण करून पाणी शोधणारा ठेकेदार कोणाला हवा?

सुमन म्हणाली, "छत्रीसाहेबांना इचारा."

"मेलो तरी न्हाई."

"मरू नका. इचारा."

मी गेलो. बैलबाजारात एक रीत आहे, गरज आपली आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. मी ओट्यापाशी उभा राहून म्हणालो, "सहज चाललो होतो इकडून."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "पाणी लागत नाही ना? चला." आणि छत्री उचलली. भाव नाही, ठराव नाही, मागचं काही काढणं नाही. मी दचकलोच. असा माणूस सौद्यात फार धोक्याचा.

त्या छत्रीचं गुपित मला तेव्हा कळलं. काड्या आखूड कापून चारच ठेवल्या होत्या, समोरासमोरच्या दोन जोड्या. एका जोडीला लाल दोरी, दुसरीला पांढरी. लोखंडी नळ्या एकमेकींना जोडत छत्री उभ्या बोअरमध्ये खाली सोडायची. नळ्यांवर वरपासून खालपर्यंत रंगाची एक रेघ, म्हणजे खाली छत्रीचं तोंड कुठं आहे ते वर कळतं. मी म्हणालो, "होकायंत्र लावा की." ते म्हणाले, "आपला काळा दगड होकायंत्राला फसवतो. त्याच्यात लोखंड आहे." मग दोऱ्या ओढायच्या. काड्या आत उघडतात आणि भिंतीला टेकतात. ज्या जोडीची दोरी जास्त वर येते, त्या अंगाला भोक रुंद.

"काळ्या दगडात इतक्या वर ढलपी पडणार नाही," साहेब म्हणाले. "पण दोन काळ्या थरांच्या मधे तो तांबडा मऊ पट्टा आहे ना, गेरूसारखा, तो लपवू शकत नाही. भोक ज्या अंगाला रुंद, त्या दिशेनं तुमचं आडवं बोअर मारा. पाण्याच्या उघड्या भेगा दाबाच्या दिशेनं धावतात, त्या तुम्हाला आडव्या येतील."

त्यांनी दोऱ्या ओढल्या. पुन्हा ओढल्या. छत्री फिरवून पुन्हा. त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तो विझला.

"काय झालं?"

"माप कच्चं आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी घरी या. बोलू."

संध्याकाळी गेलो. त्यांनी चहा केला, पुचाट, बिनसाखरेचा. कागदावर गोल काढले, रेघा मारल्या, आसाममधल्या एका भोकाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "पक्कं सांगता येत नाही. उद्या पुन्हा मोजू."

दुसऱ्या दिवशीही माप कच्चं. तिसऱ्या दिवशीही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस भाव वाढवतोय.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतके दिवस मी त्यांना वेडा समजत होतो, आणि हा तर आमच्यातलाच निघाला. बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो. दोघं हात रुमालाखाली घालतात, बोटं धरून आकडा सांगतात, आणि तोंडं अशी करतात की कोणी पाहणाऱ्याला वाटावं, दोघं आभाळ बघायलेत. "माप कच्चं आहे" हे साहेबांचं रुमालाखालचं बोट होतं. मी ते धरायचं ठरवलं.

मी म्हणालो, "साहेब, तुमची मेहनत फुकट जाणार न्हाई. ज्वारीचं पोतं टाकतो घरी."

"मी एकटा. पोतं कोण खाणार? उद्या या."

मी मनात म्हणालो, वा. पुढच्या संध्याकाळी म्हशीचं दूध देऊ केलं, वर्षभर. "मला दूध पचत नाही. उद्या या." मग त्यांच्या जमिनीत फुकट बोअर. "माझ्या जमिनीत मी काही पेरत नाही. उद्या या." शेवटी मी छातीवर दगड ठेवून म्हणालो, "विहिरीच्या पाण्यात वाटा." ते हसून म्हणाले, "आज चहात साखर बरोबर पडली का?"

असा कसलेला दलाल मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आपला आकडा तोंडातून बाहेर काढतच नव्हता. आणि गिऱ्हाईक तर असं धरून ठेवलं होतं. ओट्यावर एकच खुर्ची होती, मी पायरीवर बसायचो. एक दिवस गेलो तर दुसरी खुर्ची. परभणीहून आणलेली, नवी. चहा हळूहळू माझ्यासारखा होत गेला, दाट आणि गोड. मी तंबाखू खातो हे त्यांना आवडत नसे, पण खुर्चीशेजारी एक रिकामा डबा येऊन बसला. मी सुमनला कौतुकानं सांगायचो, "बग, गिऱ्हाइकाला कसं सांभाळायचं ते शिकावं ह्याच्याकडून." सुमन माझ्याकडं नुसती पाहायची.

आणि आम्ही भांडायचोही. मी म्हणायचो पृथ्वीला आतून काय पडलंय दाबायचं, ते टेबल ठोकून सांगायचे. मी म्हणायचो तेलाच्या कंपनीला मी असतो तर निम्म्या भावात भोक पाडून दिलं असतं. ते म्हणायचे, "तुम्ही पाडलं असतं, आणि मशीन सरळ उभं राहील तिथं पाडलं असतं." मी उठून जायला निघायचो, ते म्हणायचे, "बसा हो, चहा टाकलाय." मी बसायचो. सौदा अर्धा सोडून कोण उठतं?

इकडं ऊन चढत गेलं. कामं निघाली आणि सगळी जिंतूरच्या मशीनकडं गेली. बाजारात लोक विचारायचे, "काय मारोतराव, माप पिकलं का न्हाई अजून?" 

एक दिवस साहेब पेन्शनच्या कामाला परभणीला गेले. छत्री आणि नळ्या विहिरीतच होत्या. मी सुमनला म्हणालो, "चल. आपण बगू ह्याचं कच्चं माप कसं असतंय." माल दुसऱ्याच्या तराजूवर घेतला तरी घरी येऊन एकदा तोलून पाहायचा, ही माझी सवय.

मी नळ्या धरल्या, सुमननं दोऱ्या. तांबड्या पट्ट्यापाशी छत्री आली. ती दोऱ्या ओढून म्हणाली, "लाल लय वर यायली."

"पुन्ना ओढ."

"पुन्ना तेच."

छत्री पाव फेरा फिरवली. आता पांढरी वर आली, त्याच दिशेला. कितीही वेळा फिरवा, भोक त्याच एका अंगाला रुंद. टेकडीच्या अंगाला. ओढ्याच्या दिशेला काटकोनात.

सुमननं दोऱ्या खाली टाकल्या. "अवं, हे तर बारक्या लेकराला कळंल. ह्यात कच्चं काय हाय?"

मी विहिरीच्या तळाशी खाली बसलो. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो उजळलेला चेहरा मला आठवला. सगळं कळूनही माझा उन्हाळा त्यांनी असा घालवला होता. मला फसवलं होतं, मला. आणि माझ्याकडून घेतलं काय, तर ओट्यावरची भांडणं.

मी घरी गेलोच नाही. सरळ स्टँडवर जाऊन उभा राहिलो. परभणीची गाडी आली. साहेब पिशवी सांभाळत उतरले, मला पाहून त्यांना आनंद झाला. "अरे, तुम्ही स्टँडवर?"

मी जे बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. गाडीतली माणसं खिडकीतून बाहेर डोकावली. लिंबाजी हॉटेल सोडून आला. मी म्हणालो, "माझं नाव बुडालं बाजारात. जिंतूरवाला माझ्या कामावर पोट भरायलाय. आन् तुमी मला रोज चहा पाजून नादी लावायलाव? तुमाला कळलं होतं का न्हाई? एवढंच सांगा. पयल्या दिवशी कळलं होतं का न्हाई?"

"कळलं होतं," साहेब म्हणाले.

मला वाटलं होतं ते नाकारतील. नाकारणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मला येतं.

"मग कामून थांबवलं? काय पायजे होतं तुमाला? मी दूध देतो म्हणलो, पोतं देतो म्हणलो, पाण्यात वाटा देतो म्हणलो. तुमचा आकडा काय होता?"

"आकडा?" त्यांना खरंच कळलं नाही. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, मग पिशवीकडं, मग मला म्हणाले, "घरी चला ना. घरी सांगतो."

"न्हाई. हितंच सांगा."

ते इतक्या हळू बोलले की पुढचे लोकही वाकले.

"पाणी लागल्यावर तुमचं येणं बंद झालं असतं."

कंडक्टरनं घंटी वाजवली नाही. लिंबाजीनं खांद्यावरचा फडका काढून उगाच हात पुसले. साहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "टेकडीच्या अंगाला मारा. लागेल." आणि चालू लागले. मी कितीतरी वेळ तिथंच उभा होतो. शेवटी गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उतरवलं. टेकडीच्या अंगाला दगड खडबडीत होता, मशीन सरळ उभंच राहीना, खाली दगडाच्या चिपा लावाव्या लागल्या. अर्धं गाव काठावर. जिंतूरवालाही आला होता, हात बांधून. आधी तांबडा गाळ आला, मग कोरडी राखाडी धूळ. लोक खाकरायला लागले. मग मशीनचा आवाज बदलला, भोकातून वारा फुसफुसला, आणि पाणी आलं. आधी मनगटाएवढं, मग मांडीएवढं. माझ्या पायातली चप्पल वाहून गेली. कोणीतरी नारळ फोडला. जिंतूरवाला कधी गेला ते कळलं नाही. तिथंच उभ्या उभ्या दोघांनी आपल्या विहिरी दाखवायला मला बोलावलं.

साहेब आले होते. काठाच्या पलीकडं, गर्दीपासून लांब. पाण्याचा जोर कमी झाल्यावर हळूच खाली उतरले. भोकाच्या तोंडाशी हात धरून पाहिला, मान हलवली. मग छत्रीच्या नळ्या एकेक सुट्या केल्या, फडक्यानं पुसल्या, तेलाचा हात दिला आणि सुतळीनं मोळी बांधली. दोऱ्या गुंडाळल्या. मला म्हणाले, "अभिनंदन, ठेकेदार. काम झालं." हात पुढं केला. मी ओल्या हातानं तो धरला. मोळी खांद्यावर टाकून ते पायऱ्या चढून गेले. एका जागचं तेल लागलं की ही माणसं सामान बांधून दुसरीकडं जातात, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पण त्यांना आता जायला दुसरीकडं कुठं होतं?

संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. सगळे माझी तारीफ करत होते. गर्दी पांगल्यावर सुमन म्हणाली, "आज जायाचं न्हाई का?"

"कशाला? काम झालं की."

ती भांडी आवरायला लागली. मी बसलो. उठलो. पुन्हा बसलो. जाऊन म्हणायचं तरी काय? आभार मानायचे तर एकदा मानले की संपलं. माफी मागायची तर चूक त्यांची. आणि मग मला बाजार आठवला. बैल बघून "छान हाय" म्हणणारा माणूस पुढं निघून जातो. जो शिंगात खोट काढतो, दातात खोट काढतो, शेपटी उचलून नाक मुरडतो, तो थांबणारा असतो. मी चप्पल शोधली, ती नव्हती, तर अनवाणीच निघालो.

साहेब ओट्यावर होते. मला पाहून घाबरून उभे राहिले. "काय झालं? पाणी आटलं का?"

"पाणी लय हाय," मी म्हणालो. "पण माप चुकलंय तुमचं."

"काय?"

"दिशा. जराशी डाव्या अंगाला पायजे होती. भेग तिरपी लागली. माझ्या मशीनचं टोक मोडलं."

हे साफ खोटं होतं. भेग इतकी आडवी आली होती की पाटीवर रेघ ओढावी. त्यांनी स्वतः तिच्या पाण्यात हात धरून पाहिला होता. त्यांचे कान लाल झाले. "शक्य नाही," ते म्हणाले. "मी स्वतः सकाळी..." आणि मधेच थांबले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मी तोंड बैलबाजारातल्यासारखं ठेवलं होतं, आभाळाकडं.

"मग पुन्हा मोजावं लागेल," ते म्हणाले. "दिवस लागतील त्याला."

"लागू द्या की," मी म्हणालो. "मला कुठं घाई हाय."